बारा अधिक बारा

प्रश्न : आमचे मालक सोन्याच्या गलाईच्या धंद्यानिमित्त कोइमतूरला असतात, मी मुलांना घेऊन विट्यात. थोरला लहानपणापासून तालमीत होता, जिल्ह्यापर्यंत खेळला. आता पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पण जातो एमएमएच्या, म्हणजे कुस्ती-बॉक्सिंग सगळं एकत्र असलेल्या लढतींच्या, जिममध्ये. म्हणतो, परीक्षा पुढं कधीतरी देईन, आधी फायटर होतो. या लढती भरवणाऱ्या त्या अमेरिकेतल्या यूएफसी कंपनीत नुसतं पोचलं तरी एका लढतीचे वीस लाख मिळतात म्हणे. हे खरं आहे का? आणि एवढे पैसे कोण, कशाचे देतं?
– एक आई, विटा

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही. फक्त जिंकल्यावर मिळणारी रक्कम त्यानं लढायच्या आधीच खिशात घातलीय.

मी पुण्यात तीस वर्षं लोकांचे कर भरून देतोय, पण त्याआधी मीही लंगोट लावलेला माणूस आहे. आमच्या गावच्या जत्रेत पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर व्हायच्या, तिथून सुरुवात. पैशावरची माझी पहिली कुस्ती ५१ रुपयांची. अर्धा तास झटून ती बरोबरीत सुटली. पंचांनी दोघांच्या हातावर पंचवीस-पंचवीस ठेवले आणि उरलेला रुपया हलगीवाल्याला दिला. बरोबरीत का होईना, त्या मैदानात ठरलेली सगळी रक्कम तरी वाटली गेली. यूएफसीत तसं नसतं.

तिथल्या करारात दोन आकडे असतात. पहिला लढायला उभं राहण्याचा, ज्याला फायटर ‘शो मनी’ म्हणतात. दुसरा जिंकलं तरच मिळणारा, ‘विन बोनस’. नव्या माणसाचा आकडा अलीकडच्या वर्षांत साधारण ‘बारा अधिक बारा’ असतो, म्हणजे १२ हजार डॉलर उभं राहण्याचे आणि १२ हजार जिंकण्याचे. डॉलर ८५ रुपये धरला तर दोन्ही मिळून झाले २० लाख ४० हजार. मुलाचे वीस लाख इथून आले. हरला तर त्यातले निम्मे त्याचे नाहीतच, आणि ते प्रतिस्पर्ध्यालाही जात नाहीत. आयोजकाच्या तिजोरीतून बाहेरच पडत नाहीत.

आता तुमच्या घरातलाच शब्द वापरतो : घट. सोनं मुशीत घातलं की वजन उतरतं, तसंच या रकमेचं. पोरगा हरला असं धरू. हातात १२ हजार. लढत अमेरिकेत असेल तर परदेशी खेळाडूच्या पूर्ण रकमेवर तिथं सर्वसाधारणपणे ३० टक्के कर आधीच कापतात. गेले ३,६००. मॅनेजर आणि जिम मिळून २० टक्के धरा (मॅनेजर एकटाही एवढे घेऊ शकतो). गेले २,४००. उरले ६ हजार डॉलर, म्हणजे ५ लाख १० हजार रुपये. जिंकला तर याच्या दुप्पट. आणि अजून लढतीआधीच्या दोन महिन्यांचा खुराक, फिजिओ, एमआरआय, रक्त-डोळ्यांच्या तपासण्या, सोबत येणाऱ्या जादा कोचचं तिकीट यातलं काहीच मी वजा केलेलं नाही. वर्षात अशा दोन लढती मिळाल्या तर बरं, तीन म्हणजे नशीब. मध्ये गुडघा गेला तर सरावातल्या दुखापतीचा विमा २०११ पासून आहे, पण न लढलेल्या लढतीचं शो मनी कुणी देत नाही. पगार नावाची गोष्टच नाही, कारण फायटर हा कंपनीचा नोकर नसतो, कंत्राटी असतो.

वजनाचंही सांगून ठेवतो, कारण तालमीतून आलेल्या पोरांना वाटतं की वजन उतरवणं आपल्या हातचा मळ आहे. आदल्या दिवशी काट्यावर वजन जास्त भरलं तर शो मनीतले २० ते ३० टक्के थेट समोरच्याला जातात.

जमेच्या बाजूलाही काही आहे. कपड्यांच्या प्रायोजकाकडून पहिल्या तीन लढतींपर्यंत लढतीमागे ४ हजार डॉलर मिळत. पूर्वी फायटर आपल्या चड्डीवर स्वतःचे प्रायोजक मिरवायचे. २०१५ मध्ये सगळ्यांना एकच गणवेश आला आणि ती वरकमाई बंद झाली. शिवाय प्रत्येक कार्यक्रमात गाजलेल्या लढतींना बोनस असतो, तो कित्येक वर्षं ५० हजार डॉलरचा होता. तुमच्या मुलाच्या मोबाइलवर यूएफसीतला गाजलेला फायटर कॉनर मॅकग्रेगर नक्की असणार. २०१३ मध्ये स्टॉकहोमला तो पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याचा करार आठ अधिक आठ हजारांचा होता आणि आयर्लंडमध्ये तो बेकारभत्त्यावर जगत होता. पहिल्याच फेरीत त्यानं समोरच्याला झोपवलं आणि वर ६० हजारांचा बोनस घेऊन गेला. पोरं ही गोष्ट मला तोंडपाठ सांगतात. मी त्यांना आपल्याकडच्या भरत खंडारेंची विचारतो. कुस्तीतूनच आलेला महाराष्ट्राचा गडी, यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये सोंग यादोंग नावाच्या १९ वर्षांच्या चिनी पोरानं पहिल्याच फेरीत त्यांचा गळा आवळला. दुसरा आकडा तिथंच संपला. त्यानंतर २०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या पूजा तोमरनं पहिलीच लढत जिंकली, पण पंचांचा निकाल फुटला होता. एका पंचाचं मत इकडचं तिकडं झालं असतं तर तिची रक्कम निम्मी झाली असती.

पैसे कोण देतं? तिकीटं, प्रायोजक आणि सगळ्यात जास्त टीव्ही. २०२५ मध्ये पॅरामाउंट या माध्यम कंपनीशी सात वर्षांचा करार झाला, ७७० कोटी डॉलरचा. हीच यूएफसी २००१ मध्ये २० लाख डॉलरला विकली गेली होती आणि २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटींना. फायटरच्या वाट्याला किती येतं ते कोर्टात उघडं पडलं : उत्पन्नाच्या विसेक टक्के, त्याहूनही कमीच. अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंना जवळजवळ निम्मे मिळतात, कारण त्यांची संघटना आहे. इथं संघटना नाही, आणि करारात असेपर्यंत दुसऱ्या आखाड्यात उतरता येत नाही. बॉक्सरांना निदान २००० सालच्या कायद्याचं संरक्षण आहे, एमएमएला तो लागू नाही. कुंग ली, नेट क्वारी, जॉन फिच वगैरे फायटर मंडळी २०१४ मध्ये यूएफसीविरुद्ध कोर्टात गेली. तडजोडीची पहिली रक्कम न्यायाधीशांनीच फेटाळली आणि २०२५ मध्ये ३७.५ कोटी डॉलरवर मिटलं. २०१० ते २०१७ दरम्यान लढलेल्यांसाठी हे पैसे. दहा वर्षं गेली, त्यातले किती जण तोवर निवृत्त झाले असतील!

अगदी वर पोचलेल्याचंही ऐका. फ्रान्सिस एन्गानू यूएफसीचा हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाचा, विजेता होता. जानेवारी २०२२ ला कॅलिफोर्नियात त्यानं किताब राखला, जाहीर झालेली रक्कम ६ लाख डॉलर. पुढच्या वर्षी करार संपवून तो बाहेर पडला, रियाधमध्ये बॉक्सर टायसन फ्युरीशी बॉक्सिंग केलं, तिथं हरला आणि तरी कित्येक पटींनी जास्त घेऊन घरी गेला.

तेव्हा ताई, पोराला जिम सोडायला सांगू नका, ऐकणार नाही. मी त्याच्या वयात वडिलांचं ऐकलं नव्हतं. पण परीक्षेचा फॉर्म मात्र याच वर्षी भरायला लावा, त्याचं मैदान आणखी चार-पाच वर्षं कुठं पळून जात नाही. देशातल्या एखाद्या स्पर्धेचा करार हातात आला तर सही करायच्या आधी तीन गोष्टी बघायला सांगा : किती लढतींचा आहे, लढत आयत्या वेळी रद्द झाली तर शो मनी मिळतं का, आणि बाहेर खेळायची मुभा आहे का. मॅनेजरचा टक्का पूर्ण रकमेवर की कर गेल्यावर, हेही लिहून घ्यायचं. तोंडी नको. आणि मालक कोइमतूरहून सुट्टीला आले की वरचा घटीचा हिशेब बापलेकांना एकत्र बसून मांडू दे. तो तुमच्या मालकांना माझ्याआधी कळेल.