प्री-वर्कआउट घेण्याआधी एवढं वाच

प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी घ्यायची सप्लिमेंट पावडर. तिच्या डब्यावर 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नकोस. मिथाइलहेक्झानामाइन हे बंदी असलेलं उत्तेजक लेबलवर कधी डीएमएए, कधी जिरेनियमचा अर्क अशा नावांनी येतं, आणि कधी छापलेलंच नसतं. दुसऱ्या उत्पादनाच्या यंत्रातून भेसळ झाली तरी डोपिंग चाचणीत तुझा नमुना पॉझिटिव्ह येऊ शकतो. नियम सरळ आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. हेतू नव्हता हे सिद्ध केलंस तर शिक्षा कमी होऊ शकते, पण त्या स्पर्धेचा निकाल जातोच. जमैकाचा धावपटू असाफा पॉवेलचं उदाहरण बघ. २०१३ मध्ये सप्लिमेंटमधून ऑक्सिलोफ्रिन हे बंदी असलेलं उत्तेजक त्याच्या शरीरात गेलं. १८ महिन्यांची बंदी अपिलात ६ महिन्यांवर आली, तोवर मोसम मात्र हातचा गेला होता.

उत्तेजकांवरची बंदी स्पर्धेपुरती असते, म्हणून सरावात घेतलेलं चालतं असं काहीजण सांगतील. ऐकू नकोस. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो आणि आधी घेतलेलं शरीरात उरलेलं असू शकतं.

खरंच गरज आहे का, हे आधी क्रीडा-आहारतज्ज्ञाला विचार. घ्यायचंच असेल तर त्याच बॅचची स्वतंत्र तपासणी झालेलं घे. बॅच क्रमांकाचा फोटो, बिल आणि थोडी पावडर डब्यासकट जपून ठेव. चाचणीच्या फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेलं सगळं लिही, अगदी साधी व्हिटॅमिनची गोळीसुद्धा.