अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेताय? आधी लॅब बघून या

दहावीचा निकाल लागला की धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून तेच प्रश्न येतात, फक्त गावाचं नाव बदलतं. प्रश्नाच्या शेवटी बहुधा असतं, "असं क्लासवाले म्हणाले." म्हणून निवडक प्रश्नांना इथेच उत्तर देतो.

मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय. अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं तरच ती शाखा मिळते असं ऐकलं. खरं आहे का? (पालक, पारोळा)

नाही. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीवर होतो आणि तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स एवढंच विचारतात. २०० पैकी १०० गुण एकट्या मॅथ्सचे आहेत, काळजी त्याची करा.

विषय नेमका असतो कसा? मुलीला मेडिकलची नीट परीक्षासुद्धा द्यायची आहे. (पालक, शहादा)

हा द्विलक्षी अभ्यासक्रमातला, म्हणजे बायफोकल विषय. एकूण २०० गुणांचा. दुसरी भाषा सुटते आणि आणखी एक विषय सुटतो, बहुतेक मुलं बायोलॉजी सोडतात. पेपर दोन, प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिक. पहिल्यात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्यात मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, आणि नेटवर्किंग. आता नीटचं. नीटला बायोलॉजी लागतंच. "आधी घेऊ, मग बघू" हे इथे चालत नाही. विषय बदलायची मुदत फार थोडी असते. फॉर्म भरण्याआधी मुलीला घेऊन कॉलेजच्या बायफोकल विभागातल्या शिक्षकांना भेटा आणि यंदाची विषयरचना त्यांच्याकडूनच समजून घ्या.

माझं एमएस-सीआयटी झालंय. अकरावीत तेच पुन्हा शिकवतात का? (विद्यार्थी, चाळीसगाव)

नाही. एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकवतं, हा विषय प्रोग्रॅम लिहायला.

एका क्लासचं कॉलेजशी टायअप आहे. ते म्हणतात, कॉलेजात यायची गरज नाही, जर्नल, म्हणजे प्रयोगवही, तयार मिळतं, कॉम्प्युटरचे प्रॅक्टिकलचे मार्क पडतातच. विषय स्कोअरिंग आहे म्हणून घ्यावा का? (पालक, भुसावळ)

असं सांगणारे हल्ली तालुक्या-तालुक्यात झाले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

२०० पैकी १०० गुण प्रात्यक्षिकाचे ठेवले, कारण हा विषय हाताने करून येतो. बारावीला ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं किट असतं. सगळ्यात साधा प्रयोग दोन संख्यांच्या बेरजेचा. मेमरीतल्या एका पत्त्यावर ०९ भरायचे, पुढच्यावर ०८, प्रोग्रॅम चालवायचा. किटवर उत्तर दिसतं ११. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "सर, किट बिघडलं." किट बिघडलेलं नसतं, ते सोळाच्या पायाने मोजतं. एक सोळा आणि वर एक, म्हणजेच आपले सतरा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हेक्साडेसिमल, म्हणजे ही सोळाची मोजणी, जन्मभर विसरत नाही. विकतच्या जर्नलवरून उतरवणारं मूल कधीकधी तिथे सरळ १७ लिहून मोकळं होतं, आणि याने किटला बोटही लावलेलं नाही हे त्या एका आकड्यावरून कळतं.

असं मूल बारावीत चांगले गुण घेऊन इंजिनिअरिंगला जातं. तिथे पहिल्याच सत्रात लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहायला सांगितला की गप्प बसतं. घरचे म्हणतात, पोराला दोनशेपैकी एवढे पडले होते, मग आता काय झालं? झालं काहीच नाही, दोन वर्षं त्याला कुणी शिकवलंच नाही. फी मात्र दोन ठिकाणची भरली.

तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजात जा आणि लॅब उघडून दाखवा म्हणा. किट किती आहेत, एका बॅचला किती मुलं असतात, आठवड्याला प्रॅक्टिकल किती, हे विचारा. बारावीच्या एखाद्या मुलाला गाठून "शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं?" एवढं विचारलंत तरी पुरे. मुलगी एसटीने येणार असेल तर प्रॅक्टिकलची बॅच शेवटच्या गाडीआधी सुटते का तेही बघा, नाहीतर ती बॅच रोज अर्धी सोडून पळेल. लॅबला कुलूप असेल तर हा विषय घेऊ नका. बायोलॉजी घ्या, साधं आयटी घ्या, पण शंभर गुणांची फसवणूक पदरात घेऊ नका. हजेरीबद्दलचा बोर्डाचा नियम प्राचार्यांकडून ऐका, क्लासच्या काउन्सेलरकडून नको.

दुकानदार ऐंशी हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतो. लागेल का? (पालक, अमळनेर)

नाही. सी प्लस प्लस आणि एचटीएमएल कुठल्याही जुन्या, चालू स्थितीतल्या मशीनवर होतं. काही घेण्याआधी विषय-शिक्षकांना विचारा.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी अहिराणी. इंग्रजीतून हा विषय झेपेल का? (विद्यार्थिनी, साक्री)

झेपेल. प्रोग्रॅममध्ये इंग्रजी शब्द मोजकेच असतात आणि तेच तेच पुन्हा येतात. लेखी उत्तरांना मात्र सराव लागतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठीतून फुकट आहेत, ते आधी ऐक. पहिल्या चाचणीनंतर स्वतःचा पेपर घेऊन सरांना भेट, बारावीच्या जानेवारीपर्यंत थांबू नकोस.

अकरावी की थेट डिप्लोमा? एक महिना विचार करून ठरवलं तर चालेल? (पालक, चोपडा)

महिना नाही. दोन्हींचे अर्ज ऑनलाइन असतात आणि मुदत संपली की मागची गर्दी तुमच्यासाठी थांबत नाही. ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याला डिप्लोमा चांगला. तीन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अजून काय करायचं ते ठरलेलं नसेल तर अकरावी बरी, तिथून वाटा जास्त फुटतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. गुणपत्रक आणि जातीचे, उत्पन्नाचे दाखले घेऊन याच आठवड्यात तिथल्या सुविधा केंद्रावर जाऊन या. दाखला निघायचा असेल तर आज तहसीलला अर्ज टाका.