मोठ्या, ४ ओहमच्या स्पीकरला ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर चालेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गुहागरच्या जुन्या कौलारू घराच्या माजघरात आपण पुरुषभर उंचीचे, प्रत्येकी तीन वूफर (खर्ज वाजवणारे मोठे शंकू) असलेले स्पीकर उभे केले आहेत, माहितीपत्रकावर संवेदनशीलता (ठरावीक विजेत किती आवाज होतो ते) ८६ डेसिबल आणि इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ४ ओहम असे छापले आहे. त्यांच्यासाठी ४० वॅटचा ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की २०० वॅटचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा), हे ठरत नाही, कारण ‘ट्यूबचा एक वॅट हा सॉलिड स्टेटच्या तीन वॅटांना भारी’ असे कोणीतरी आपल्याला सांगितले आहे.

वॅट हा वॅटच असतो. ट्यूब आपल्या मर्यादेला पोचली की ध्वनिलहरींचे माथे गोलसर दाबले जातात, तर ट्रान्झिस्टरमध्ये ते कोयतीने छाटल्यासारखे सपाट होतात. त्यामुळे ट्यूबची ओढाताण कानाला उशिरा खुपते. त्या वाक्यात तथ्य आहे ते एवढेच.

खरा घोटाळा माहितीपत्रकातील पहिल्या आकड्यात आहे. ८६ डेसिबल हा आकडा बहुधा २.८३ व्होल्ट देऊन १ मीटर अंतरावर मोजलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्याच व्होल्टात २ वॅट जातात, म्हणजे आपले स्पीकर १ वॅटला प्रत्यक्षात ८३ डेसिबलच देतात. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल आणि दसपट केली की १० डेसिबल वाढतात, या हिशेबाने ४० वॅटला १ मीटरवर ९९ डेसिबल होतील. बसण्याची जागा साडेतीन-चार मीटर दूर असेल, तर दोन्ही स्पीकर मिळून तिथे जेमतेम ९३ डेसिबल पोचतील. भावगीतासाठी तेवढे पुष्कळ झाले. तबल्याच्या किंवा पखवाजाच्या थापेला मात्र ते अपुरे पडतात, कारण थापेचा क्षणिक उंचवटा सरासरी आवाजाच्या बराच वर जातो.

तरीही माझ्या मते वॅटचा प्रश्न दुय्यम आहे. ‘४ ओहम’ ही नुसती ओळखीपुरती संख्या असते. प्रत्यक्षात इम्पीडन्स सूर बदलेल तसा बदलतो आणि अनेक वूफर समांतर जोडलेल्या मोठ्या स्पीकरमध्ये तो कुठे ३ ओहमपर्यंत उतरतो, तर कुठे २४ ओहमपर्यंत चढतो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या विजेला त्याच्या आतच होणारा अडथळा) २ ओहम असेल, आणि कमी फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा भाग चूक सुधारण्यासाठी इनपुटला परत देणे म्हणजे फीडबॅक) ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो सहज तेवढा असतो, तर ३ ओहमच्या ठिकाणी स्पीकरला ६० टक्केच व्होल्टेज मिळते आणि २४ ओहमच्या ठिकाणी ९२ टक्के. हा फरक पावणेचार डेसिबलचा होतो. कोणी गुपचूप टोन कंट्रोल फिरवून ठेवावा, तसा. सॉलिड स्टेटचा आउटपुट इम्पीडन्स बहुधा ०.१ ओहमहून कमी असतो, त्यामुळे हाच फरक पाव डेसिबलसुद्धा राहत नाही. म्हणून ‘ट्यूबचा आवाज’ असे आपण ज्याला म्हणतो, त्यातला बराचसा भाग त्या विशिष्ट जोडीचा असतो आणि स्पीकर बदलला की तोही बदलतो.

याचा अनुभव मला वेंगुर्ल्याला मेहुण्यांकडे आला. त्यांच्याकडे ईएल-३४ ट्यूबांचा पुश-पुल (जोडीतल्या ट्यूब आळीपाळीने काम करतात असा) अ‍ॅम्प्लिफायर आणि आपल्यासारखेच अवजड स्पीकर आहेत. जत्रेत आम्ही स्वतः केलेले दशावताराचे ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा पायपेटी आणि झांज अगदी समोर बसल्यासारखी वाजत होती, पण पखवाजाच्या डाव्या पुडीचा नाद ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा पसरट येत होता. मागे वळून पाहिले तर तारा ८ ओहमच्या टर्मिनलवर होत्या. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्या ४ ओहमच्या टर्मिनलवर घेतल्या. आवाज थोडा उतरला, पण थाप मोकळी आणि आखीव झाली. ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ४ ओहमच्या जोडणीवर आउटपुट इम्पीडन्सही साधारण निम्म्यावर येतो, हे त्यामागचे कारण. (तारा काढलेल्या असताना ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालू करू नये, स्पीकरचा भार नसेल तर तो ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.)

मग ट्यूब कोणासाठी? ३००बी या ट्यूबचा सिंगल-एंडेड (जोडीऐवजी एकाच ट्यूबवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर ८ वॅटच्या आसपास देतो आणि १९४६ पासून बनत आलेल्या क्लिप्शहॉर्नसारख्या, १ वॅटला शंभराहून जास्त डेसिबल देणाऱ्या हॉर्न (कर्ण्याच्या) स्पीकरला तेवढे भरपूर होतात. त्या काळी वॅट महाग होते, म्हणून स्पीकर कमी शक्तीत मोठ्याने बोलणारे असत. क्वाड २ हा नावाजलेला ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा १५ वॅटचाच होता. ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले, तेव्हा रचनाकारांनी संवेदनशीलता सोडून त्या मानाने लहान पेटीत खोल खर्ज मिळवला. आपले स्पीकर या दुसऱ्या कुळातले आहेत, त्यामुळे मी सॉलिड स्टेटच घेतला असता. फक्त ८ ओहमला १०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला २०० वॅटच्या जवळ जातो का, हे पाहावे. १३०-१४० वर अडकत असेल तर त्याचा वीजपुरवठा तोकडा आहे असे समजावे.

ट्यूबची हौस पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये भागवता येते, पण तिथेही जुळणी पाहावी लागते. ट्यूब प्रीअ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटी ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स १० किलो-ओहम असेल, तर ३४ हर्ट्झलाच ३ डेसिबल गळतात. इनपुट ४७ किलो-ओहमचा असेल तर ही गळती ७ हर्ट्झवर जाते आणि ऐकू येत नाही.

आपल्याकडच्या हवेबद्दलही सांगायला हवे. खाऱ्या, दमट वाऱ्याने ट्यूबच्या पिना आणि सॉकेट काळवंडतात आणि पावसाळ्याच्या अखेरीस चरचर सुरू होते. प्लग काढून, ट्यूब पूर्ण थंड झाल्यावर पिना पुसल्या की ती बहुधा जाते. पेटीच्या आत मात्र जाणकाराखेरीज कोणी हात घालू नये, कारण तिथे चार-पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकतात. मे महिन्यात जांभ्याची जमीन सुकली की घराचे अर्थिंगही कमजोर पडते, तेव्हा काहीही विकत घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्यावे. आपल्या स्पीकरचे मॉडेल कळवलेत आणि त्याचा इम्पीडन्सचा आलेख मिळाला, तर कोणत्या हर्ट्झवर तो सर्वांत खाली जातो हे पाहून मला अधिक नेमके सांगता येईल.