कोकणात पाण्यावर आधारित रेझिनचा कारखाना टाकावा का? रंग आणि चिकटद्रव्यांचा बाजार कुठे चालला आहे?

तुमच्या प्रश्नाचा मतलब मला असा कळला: लोट्याच्या एमआयडीसीत घरचा प्लॉट आहे, रसायनशास्त्राची पदवी आहे, 'आता सगळं थिनर सोडून पाण्यावरच जाणार' असं सगळीकडून ऐकू येतंय, तेव्हा एखादा लहान रिॲक्टर (रासायनिक अभिक्रियेची टाकी) बसवून इमल्शन (पाण्यात विखुरलेले रेझिनचे, म्हणजे चिकट प्लास्टिकसारख्या द्रव्याचे कण) बनवावं का? मी रायगड-रत्नागिरी पट्ट्यात बाइंडर (रंगाला भिंतीवर धरून ठेवणारं द्रव्य) आणि रेझिन विकतो, आणि विकल्यानंतर भिंतीवर, पेटीवर, फर्निचरवर काय होतं ते बघायलाही जातो. माझं मत आधीच सांगतो. पाण्याकडे जाण्याचा कल शंभर टक्के खरा आहे, पण रिॲक्टर टाकू नका. मिक्सिंगचं युनिट टाका आणि श्रावणात वाळेल असा माल बनवा.

आधी कल म्हणजे नक्की काय ते पाहू. आपल्या देशातल्या रंगाच्या बाजारात साधारण तीन चतुर्थांश वाटा घरांच्या रंगाचा आहे, आणि त्यात भिंतींचा प्रश्न केव्हाच सुटलाय. तिथे ॲक्रिलिक आणि स्टायरीन-ॲक्रिलिक इमल्शनच चालतं. सुताराचा पांढरा गोंदही १९५९ पासून, म्हणजे फेविकॉल आल्यापासून, पाण्यावरच आहे. त्यामुळे बाजाराच्या अहवालात 'जलाधारित रेझिनची वाढ' असं वाचाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की ही वाढ नवीन इमारतींमुळे आहे, की कोणीतरी खरोखर थिनर सोडून पाण्यावर आलंय. दोन्हींत गिऱ्हाईक वेगळं असतं. खरा बदल सध्या ग्रिल आणि दारांच्या ऑइल पेंटमध्ये, लाकडाच्या पॉलिशमध्ये, सनमायका चिकटवायच्या रबरी ॲडेसिव्हमध्ये आणि पॅकेजिंगमध्ये चाललाय. युरोपात तो कायद्याने झाला. तिथल्या २००४ च्या निर्देशानुसार आतल्या भिंतींच्या मॅट रंगात उडून जाणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांची मर्यादा २०१० पासून लिटरला ३० ग्रॅम आहे. आपल्याकडे लोक बदलतात ते वासाला कंटाळून आणि थिनरचा खर्च बघून. हा बदल हळू होतो, पण एकदा झाला की माणूस मागे जात नाही.

आता रिॲक्टर का नको? मोठ्या रंग कंपन्या त्यांचं इमल्शन बहुतांशी स्वतःच बनवतात. बिर्ला ओपस फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात उतरली ती दहा हजार कोटींची गुंतवणूक आणि सहा कारखाने घेऊन, आणि त्या सहांतला एक आपल्या महाडला आहे. त्यानंतर दरांची एवढी ओढाताण झाली की २०२४-२५ मध्ये एशियन पेंट्सचीही विक्री घसरली. एशियन पेंट्सने त्याआधीच गुजरातेत दहेजला व्हिनाइल ॲसिटेट मोनोमर (ज्यापासून रेझिन बनतं तो कच्चा माल) आणि व्हीएई (व्हिनाइल ॲसिटेट-इथिलीन) इमल्शनचा प्रकल्प हाती घेतला होता. हा मोनोमर आजवर आपण जवळजवळ सगळा आयात करत आलो आहोत. स्टायरीनही बाहेरूनच येतं. ब्युटिल ॲक्रिलेट तेवढं २०२१ पासून कोचीच्या रिफायनरीत बनू लागलं. म्हणजे ज्या मोनोमरचा भाव परदेशातल्या कच्च्या तेलावर आणि डॉलरवर हलतो, तो तुम्ही टँकरने घेणार आणि ज्यांच्याकडे त्याचा स्वतःचा कारखाना आहे किंवा होणार आहे, त्यांच्याशी दरात लढणार. त्यात इमल्शन पाण्यातलं म्हणून ते बनवणंही निर्धोक, असं समजू नका. व्हिनाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, उणे ८ अंश आहे. ऐंशी अंशांच्या आसपास मोनोमर थेंबाथेंबाने सोडताना कूलिंग गेलं तर बॅच हाताबाहेर जाते. लोट्यात वीज किती वेळा जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे. इमल्शनमध्ये निम्मं पाणी असतं. गुजरातहून ड्रम आणायचे म्हणजे निम्मं भाडं पाण्याचं. टँकरने ते भाडं संपत नाही, पण हलकं होतं; म्हणून इमल्शन टँकरने किंवा मोठ्या टाक्यांत घाऊक आणून इथेच त्याचा प्रायमर, वॉटरप्रूफिंग, पेटीचा गोंद असा तयार माल बनवणाऱ्याला जागा आहे. रिॲक्शन नाही, मोनोमर नाही. डिस्पर्सर (घुसळणारं यंत्र), टाक्या, गाळणी आणि एक चांगली लहान लॅब, एवढ्यावर काम सुरू होतं.

आता श्रावणाचं सांगतो, कारण कोकणातला हा धंदा तिथेच अडतो. मुंबई-पुण्याच्या कंपन्या पावसाळा म्हणजे मंदी धरतात. आपल्याकडे मात्र घर रंगवायचं ते गणपतीच्या आधी. चाकरमानी पैसे पाठवतात आणि बाहेर झड लागलेली असताना माजघराला रंग चढत असतो. टोल्युइनच्या तुलनेत पाणी उडायला किलोमागे सुमारे सहापट उष्णता लागते. त्याहून वाईट म्हणजे हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर ते उडतच नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग लावू नका असं बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं, आणि जुलै-ऑगस्टात आपल्याकडे तेवढी आर्द्रता रोजचीच. रेझिनचे कण पाणी गेल्यावर एकमेकांना चिकटून अखंड थर व्हायला हवेत. ते व्हायच्या आत ओल आली की साबणासारखी द्रव्यं वर येऊन चिकट ओघळ उमटतात, थर मऊ राहतो आणि मग बुरशी धरते.

त्यात आपली भिंत चिऱ्याची. जांभा पाणी पितो आणि महिनोन्महिने सोडत राहतो. वरून घट्ट, वाफ न जाऊ देणारा थर दिला की आतली वाफ त्याला ढकलते, लोणा (क्षार) फुटतो, पोपडे सुटतात. २०२१ च्या पुरानंतर चिपळूण आणि महाडला ज्यांनी घाईने भिंती रंगवल्या, त्यांच्याकडे मी हेच पाहिलं. इथे रेझिनची निवड दरावर करून चालत नाही. साधं व्हिनाइल ॲसिटेटचं बाइंडर ताज्या सिमेंटच्या किंवा चुन्याच्या अल्कलीत तुटत जातं. स्टायरीन-ॲक्रिलिक तिथे टिकतं, पण बाहेरच्या उन्हात पिवळं पडून पिठूळ होतं. बाहेरच्या भिंतीला शुद्ध ॲक्रिलिकच हवं, आणि तेही वाफ जाऊ देणारं. शिवाय उत्तरेतल्या थंडीत थर जुळावा म्हणून काही मालात कोअलेसिंग द्रव्य (कण जुळवणारं) जास्त घालतात. आपल्याकडे पारा तेवढा कधीच उतरत नाही. ते द्रव्य इथे अनाठायी पडतं आणि दमट हवेत थरात अडकून राहतं. ते कमी केलेला, बुरशीनाशक नीट बसवलेला, खास कोकणाचा प्रायमर बनवणं लहान युनिटला सहज जमण्यासारखं आहे. मोठी कंपनी चार जिल्ह्यांसाठी वेगळी बॅच काढत बसणार नाही.

चिकटद्रव्यांत मला आणखी आशा वाटते. हापूसची लाकडी पेटी जाऊन पुठ्ठ्याचा बॉक्स आला. त्याच्या आतल्या नागमोडी थराला स्टार्चची खळ असते आणि कडेच्या जोडाला बहुधा पीव्हीए (पांढरा गोंद). थंड केलेलं फळ बाहेर काढलं की बॉक्सवर दव धरतं आणि जोड सुटतो. २०१८ च्या जीआय मानांकनानंतर पेटीवर लेबलंही वाढली, तीही दवात सरकतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासळीच्या बॉक्सांचं दुखणं याहून मोठं, कारण तिथे बर्फ आणि खारं पाणी दोन्ही. ओल्या पृष्ठभागाला धरणारं ॲक्रिलिक लेबल-ॲडेसिव्ह आणि क्रॉसलिंक होणारं (साखळ्या एकमेकींत गुंफून पाणी सोसणारं) पीव्हीए ही इथली रोजची गरज आहे. सुतारांसाठी माल काढलात तर तो पाणी सोसण्याच्या युरोपीय वर्गवारीतल्या डी-३ पातळीचा तरी असू द्या. साध्या गोंदाचं कपाट किनाऱ्यालगतच्या घरात दोन पावसाळ्यांत बोलायला लागतं.

लोखंडाच्या रंगात मात्र सध्या पडू नका. पाण्यावरचा प्रायमर उघड्या पोलादावर ओला असतानाच गंज उमटवतो, आणि किनाऱ्यावर त्या थराखाली मीठ राहिलं की फोड येतात. समुद्रासमोरच्या ग्रिल-गेटला अजून सॉल्व्हंटचं इपॉक्सीच.

एक गोष्ट मात्र मनापासून सुचवतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काजूची टरफलं ढिगांनी निघतात आणि त्यातली बरीच भट्टीत जातात. त्यांच्या तेलातून कार्डेनॉल मिळतं आणि कार्डेनॉलपासून फिनाल्कमीन, म्हणजे इपॉक्सी घट्ट करणारं द्रव्य. जहाजांच्या रंगात ते मुद्दाम वापरतात, कारण दमट पृष्ठभागावरही ते सुकतं. त्याचे पाण्यात चालणारे प्रकारही बाजारात आहेत. आपल्या हवेला साजेल असा कच्चा माल आपल्याच वाडीत आहे आणि आपण तो जाळतो, याचं मला फार वाईट वाटतं. ते द्रव्य बनवणं तुमच्या युनिटचं काम नाही, त्याला मोठी रसायनशाळा लागते. पण तयार फिनाल्कमीन घेऊन ओलसर कोब्यासाठी दोन भागांचं पाण्यावरचं इपॉक्सी बांधणं तुमच्या आवाक्यात आहे. मासळीचे शेड, काजूचे कारखाने, आंब्याच्या कॅनिंगची युनिटं, सगळ्यांची जमीन ओली असते आणि सगळ्यांना वास नसलेला थर हवा असतो.

सांडपाण्याचा विचार आधी करा. टाक्या धुतलेलं पाणी दुधासारखं दिसतं, त्यात रेझिन आणि जंतुनाशक दोन्ही असतात, आणि वाशिष्ठीच्या खाडीने आधीच खूप सोसलंय. पहिली धुलाई साठवून पुढच्या त्याच बॅचच्या पाण्यात वापरायची सोय ठेवलीत तर माल वाचतो आणि सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जाणारा भारही कमी होतो.

सुरुवात करायची तर या जूनपासून चिऱ्याच्या तुकड्यांवर तीन-चार बाइंडर लावून पागोळीखाली ठेवा आणि दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला फोटो काढा. तो संच रंगाच्या दुकानदारासमोर ठेवलात की तो कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त ऑर्डर मिळवून देईल. प्लॉटचं क्षेत्रफळ आणि पाण्याची जोडणी किती इंचांची मिळालीय ते कळवलंत, तर टाक्यांची मापं आणि डिस्पर्सरची ताकद यावर पुढे लिहितो.