भेटीहून परतलेल्या मुलाचं पोट का दुखतं?

“बाबांकडून आली की दोन दिवस नुसती चिडचिड. मॅडम, त्यापेक्षा हा ॲक्सेस बंदच करून घेतला तर?”

ॲक्सेस म्हणजे ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाला भेटण्याची मिळालेली मुभा. मुलांच्या ताब्याचा वाद कोर्टात असलेले पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येतात. बहुतेकदा आई विचारते, कारण मूल रोज तिच्याजवळ असतं. ताबा वडिलांकडे असेल तर तेही अगदी हेच विचारतात. काळजी खरी असते. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र पुष्कळदा चुकतो, म्हणून एक अनुभव सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगी आठ वर्षांची. अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा ताबा आईकडे, एकाआड एक शनिवार-रविवार वडिलांकडे. आईने एक वही ठेवली होती. कोणत्या रविवारी लेक रडली, कधी पोट दुखलं, कधी जेवली नाही, सगळं तारीखवार. वही वकिलांकडे जायची होती.

मग मी वडिलांना स्वतंत्र भेटले. ते म्हणाले, “परत जायची वेळ झाली की पोरगी पोट धरून बसते. तिकडे तिला नक्की काहीतरी त्रास आहे. मी पूर्ण ताबा मागणार आहे.”

एकाच पोटदुखीवर दोन अर्ज तयार होत होते! आईची वही पुन्हा उघडली. शुक्रवारी रात्री पोटदुखी, रविवारी संध्याकाळी पोटदुखी. मधल्या शनिवारी वडिलांकडे मुलगी ठणठणीत, आणि इतर दिवशी आईकडेही ठणठणीत. दुखणं दोन्ही घरांत नव्हतं. ते एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याच्या वेळेत होतं.

मुलीशी मी तिच्या कलाने बऱ्याचदा बोलले. एकदा सहज विचारलं, “बाबांकडून निघालात की गाडीत काय करतेस?”

“आईला काय सांगायचं ते ठरवते.”

“काय ठरतं?”

“कंटाळा आला म्हणून सांगायचं.”

“खरंच येतो?”

तिने मान हलवली. “नाही. पण मजा आली म्हटलं की आई गप्प होते, मावशी.”

“आणि बाबांना काय सांगतेस?”

“आई सारखी ओरडते म्हणून सांगते. मग ते जवळ घेतात.”

हे आईबाबांना सांगू का, असं मी तिला विचारलं. “तुम्ही सांगा. मी बाहेर बसते,” ती म्हणाली. ही परवानगी मी प्रत्येक मुलाकडे मागते. त्यावरच त्यांचा माझ्यावरचा विश्वास उभा असतो.

आईने ऐकलं आणि बराच वेळ वहीच्या कडा दुमडत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे इतके दिवस तीच मला सांभाळत होती?”

त्या एका वाक्यानंतर आमचं काम बदललं. इतकी वर्षं या क्षेत्रात काढल्यावर माझी खात्री झाली आहे की पालकाला स्वतः हा प्रश्न पडला की अर्धी वाट सरलेली असते. तो मी त्यांच्या तोंडात घालत नाही, तो पडेपर्यंत थांबते. मूल आणि पालक यांच्यातल्या जिव्हाळ्याचा अभ्यास करणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांचा माझ्यावर दाट प्रभाव आहे. मुलाला बिनधास्त परतता येईल असं माणूस लागतं, ही त्यांची मांडणी मला रोज खरी ठरताना दिसते. परतताना मुलाला चेहरा बदलावा लागत असेल, तर ते परतणं बिनधास्त कसं असेल?

कायद्याबद्दलचे गैरसमज या भीतीत तेल ओततात. “मूल ज्याचं नाव घेईल त्याला ताबा” असं अनेकांना वाटतं आणि घराघरात मुलाची तयारी करून घेणं सुरू होतं. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार, समजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं; पण निर्णय मुलाच्या एकूण हितावर होतो. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे, हे 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे, आणि मुलाचं हित सर्वोपरि हेही त्याच कायद्यात आहे. यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये आई आणि वडील दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क मानला. भेट हा जिंकणाऱ्याने हरणाऱ्यावर केलेला उपकार नव्हे. ती मुलाची आहे.

इथे एक अपवाद स्पष्ट सांगते. मारहाण, लैंगिक छळाची शंका, नशेत मूल सांभाळणं, असं काही असेल तर वाट पाहू नका. तत्काळ वकिलांशी बोला, न्यायालयाला सांगा, देखरेखीखालची भेट मागा. रडणं आणि घाबरणं यांतला फरक आपल्याला एकट्याला कळेनासा झाला असेल तर तज्ज्ञाला मूल दाखवा.

या घरात तसं काही नव्हतं. तेव्हा पहिली गोष्ट ठरली ती ही, की परत आल्यावर त्या संध्याकाळी एकही प्रश्न नाही. “काय खाल्लंस, कोण आलं होतं, माझ्याबद्दल काय म्हणाले?” हे मुलाला उलटतपासणीसारखं वाटतं. स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, आणि “छान” म्हणताना चेहराही छान ठेवायचा. आईला हे फार जड गेलं. वडिलांना त्याहून जड गेलं, कारण त्यांच्याकडे मुलीच्या तक्रारींवर मायेचं बक्षीस मिळत होतं. तक्रार नसतानाही जवळ घ्यायचं, हे ते हळूहळू शिकले.

दुसरी गोष्ट ने-आण. दारात समोरासमोर उभे राहून मूल देणं-घेणं बंद केलं. शुक्रवारी वडील तिला शाळेतूनच नेतात आणि सोमवारी शाळेत सोडतात. आईला ती शाळा सुटल्यावरच भेटते. मधे अख्खा शाळेचा दिवस गेलेला असतो. ज्यांना जमेल त्यांना मी हीच व्यवस्था सुचवते.

दोन्ही वकिलांनी हे संमतीच्या अटींत, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी करारात, लिहून न्यायालयात दिलं, रोजच्या छोट्या व्हिडिओ कॉलची वेळही त्यात घातली. पोटदुखी लगेच थांबली नाही, पण ती लागोपाठच्या भेटींना येईनाशी झाली. ताब्याचा आदेश परिस्थितीनुसार बदलून घेता येतो, म्हणून पुढच्या शालेय वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी पुन्हा एकत्र बसायचं कबूल केलं आहे. तेव्हा मुलगी नऊची असेल, तिचे क्लास आणि मैत्रिणी वाढलेल्या असतील, आणि वेळापत्रक तिच्याशी बोलूनच मांडावं लागेल.