हॉलिडे व्हिलेज, म्हणजे राहणं-जेवण-खेळ सगळं एकाच आवारात असलेलं सुट्टीचं गाव, ही भानगड आली कुठून, आणि साध्या हॉटेलपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

ही आयडिया श्रीमंतांची नाहीये बरं का, नोकरदार-कामगारांची आहे. इंग्लंडात बिली बटलिन नावाच्या माणसाने 1936 ला स्केगनेसला समुद्रकाठी कॅम्प काढला, रांगेने छोट्या शॅले (म्हणजे सुट्टीतली घरकुलं), तीन वेळचं जेवण, खेळ, करमणूक सगळं एकाच पैशात, जाहिरात काय तर आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी! 1938 ला तिकडे पगारी रजेचा कायदा आला, मग तर काय विचारूच नका.

पुढे 1950 ला जेरार ब्लित्झ नावाच्या बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून क्लब मेड नावाचं असंच हॉलिडे व्हिलेज सुरू केलं. तिथली मला आवडलेली गंमत म्हणजे नंतर त्यांनी बारमध्ये पैशाऐवजी मणी आणले, गळ्यातल्या माळेतून काढून द्यायचे, पाकीट खोलीतच! आणि स्टाफ जेवायला पाहुण्यांच्याच टेबलावर.

फरक म्हणाल तर हॉटेल खोली देतं, बाकी तुम्ही बाहेर शोधा. इथे अख्खं गाव कंपाऊंडच्या आत, त्यामुळे पोरं मोकळी सुटतात पण बाहेरच्या दुकानदाराला फारसं काही मिळत नाही. बुक करताना ऑल इन्क्लुझिव्हमध्ये नक्की काय काय येतं ते आधी विचारा, काही ठिकाणी ड्रिंक्सचं बिल वेगळं लावतात.