सेक्रेटरी उघडला, उघडली की उघडलं?

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आलाय. बॉस्टनमधल्या एका जुन्या घराची कथा त्या मराठीत आणताहेत. कथेतली आजी रोज रात्री ‘सेक्रेटरी’ उघडते, दिवसभरातली पत्रं आत ठेवते आणि कुलूप लावून झोपायला जाते. ताईंनी पहिल्या खर्ड्यात ‘आजीने पत्रं सेक्रेटरीकडे दिली’ असं लिहिलं. संपादकांनी समासात एवढंच विचारलं, ‘हा सेक्रेटरी रात्री तिथेच झोपतो का?’ कोशात बघावं तर सचिव, चिटणीस, कार्यवाह. तर या लाकडी वस्तूला मराठीत म्हणायचं काय?

ताई, आधी वस्तू नीट बघू. खाली तीन-चार रुंद खण, त्यांच्यावर तिरकं झाकण, आणि त्याच्याही वर दारांचं पुस्तकांचं कपाट. झाकण पुढे पाडलं की त्याचीच लिहायची फळी होते. झाकणाखाली दोन्ही कडांना दोन अरुंद पट्ट्या लपलेल्या असतात. त्या आधी बाहेर ओढायच्या आणि झाकण त्यांच्यावर टेकवायचं. घाईत कुणी विसरलं तर सगळा भार बिजागऱ्यांवर येतो आणि लाकूड उखडतं. म्हणून असं जुनं मेज विकत घेणारा जाणकार नक्षीकडे नंतर बघतो, आधी बिजागरीशेजारी ठिगळ आहे का ते बोटाने चाचपतो. तुमच्या कथेतली आजी झाकण उघडण्याआधी काहीतरी ‘ओढते’ असं मुळात असेल, तर ते खण नव्हेत, या पट्ट्या आहेत. तिथे घसराल.

झाकणाच्या आत छोटे छोटे कप्पे, आणि मधोमध एक इवलंसं दार. त्या दाराच्या दोन्ही बाजूंना बारीक खांब असतात. वाटतात शोभेचे, पण पुढे ओढले की अख्खा खांब हातात येतो आणि कळतं की तो उभा, चिंचोळा खणच आहे. यालाच आपण चोरकप्पा म्हणतो. नावाचा उगमही असाच चोरकप्प्याजवळचा आहे. लॅटिनमध्ये ‘सेक्रेटम’ म्हणजे गुपित आणि ‘सेक्रेटारियस’ म्हणजे गुपितं सांभाळणारा माणूस. धन्याची पत्रं सांभाळणारा तो सेक्रेटरी. पुढे फ्रेंचांनी त्याच माणसाचं नाव पत्रं सांभाळणाऱ्या फर्निचरला दिलं आणि तिथून ते इंग्रजीत आलं.

इथे एक सावधगिरी, कारण तुमची कथा नेमकी कुठल्या काळातली ते तुम्ही लिहिलेलं नाही. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत या वस्तूला बहुतेक ‘डेस्क अँड बुककेस’ म्हणत. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या सुतारांनी १७६० च्या दशकात प्रॉव्हिडन्सच्या निकोलस ब्राऊन या व्यापाऱ्यासाठी शिंपल्यांच्या नक्षीचं, महॉगनीचं असं एक मेज घडवलं. ते १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं, आणि तिथेही त्याचं नाव ‘डेस्क अँड बुककेस’च होतं. ‘सेक्रेटरी’ हे नाव रुळलं ते नंतर. जॉर्ज हेपलव्हाइट या लंडनच्या कारागिराच्या नमुन्यांचं पुस्तक त्याच्या बायकोने १७८८ मध्ये काढलं, त्यात ते आहे, आणि तसले नमुने स्वातंत्र्यानंतरच्या अमेरिकेत खूप चालले. तेव्हा कथा १७७० ची असेल तर मूळ लेखकानेच थोडी गफलत केली म्हणायची. १८२० ची असेल तर चोख.

‘डेस्क’ शब्द मला फार आवडतो. त्याचं मूळ लॅटिन ‘डिस्कस’, म्हणजे थाळी किंवा चकती. म्हणजे हॉटेलातली डिश, कंप्युटरची डिस्क आणि कारकुनाचं डेस्क ही एकाच घरातली भावंडं. ‘ब्यूरो’ची गंमत त्याहून वरची. मेजावर अंथरायच्या जाड लोकरी कापडाचं ते फ्रेंच नाव. कापडावरून मेज, मेजावरून कचेरी, कचेरीवरून आपलं मॅरेज ब्यूरो. अमेरिकेत मात्र ‘ब्यूरो’ म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं खणांचं कपाट! कथेतली आजी ब्यूरोतून शाल काढत असेल तर तिला कचेरीत पाठवू नका.

आपल्याकडे कापडाचा हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. ‘दप्तर’ आलं फारसीतून, पण मुळात ग्रीक, अर्थ कातडं. त्याची झाली वही, वहीची झाली कचेरी, आणि शेवटी ते पोरांच्या पाठीवर बसलं. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला म्हणतात रुमाल, आणि संशोधक आजही रुमालाचा क्रमांक सांगतात. कागद कापडात आणि लिहिणारा गादीवर मांडी घालून. समोर फार तर उतरत्या झाकणाचं ठेंगणं डेस्क. आमच्या आजोबांच्या दुकानात असं एक होतं. वर दौतीसाठी गोल खळगा, झाकणाखाली पावत्या, आणि सगळ्यात तळाशी आम्हा मुलांपासून लपवलेली खडीसाखर. माणसाच्या उंचीचं, खुर्चीवर बसून लिहायचं कपाट आपल्या घरात आलंच नाही, तर त्याला शब्द कुठून येणार?

पण त्या डेस्कामागे बसायचे कोण? दिवाणजी! तुमचं उत्तर इथेच आहे. ‘दिवाण’ हा फारसी शब्द आधी नोंदवही, मग दरबार, मग संस्थानाचा कारभारी, आणि शेवटी दिवाणखान्यात लोळायचं फर्निचर. ‘दुपारी दिवाणावर आडवा झालो’ म्हटल्यावर कुणी कारभाऱ्याची कीव करत नाही. म्हणजे माणसाचं आणि फर्निचरचं नाव एकच असणं मराठीला नवीन नाही. ‘सचिव-मेज’, ‘चिटणीस-कपाट’ असले अवघड जोडशब्द घडवायची गरज नाही. ‘गुप्तलेखनिका’ अशी एक सूचना माझ्याकडे आली आहे. ती देणाऱ्यांचा मान राखून मी ती चोरकप्प्यात ठेवतो.

माझं मत असं. वस्तू पहिल्यांदा येईल तिथे ‘लिहायचं कपाट’ म्हणा, झाकण-खण एका वाक्यात दाखवा आणि घरात त्याला सेक्रेटरी म्हणत असं सांगून टाका. त्यानंतर निर्धास्तपणे ‘सेक्रेटरी’ वापरा, फक्त नपुंसकलिंगी. सेक्रेटरी आला, सेक्रेटरी आली, ही माणसं. सेक्रेटरी उघडलं, हे कपाट. मेज, टेबल, कपाट सगळी नपुंसकलिंगीच आहेत, त्यामुळे कानाला खटकत नाही. इंग्रजीला ही सोय नाही. फ्रेंचांकडे लिंगं दोनच, त्यामुळे त्यांचा कारकून आणि त्यांचं कपाट दोन्ही पुल्लिंगी. आपल्याकडे तिसरं लिंग आहे तर वापरूया की. मात्र शब्दाला ‘-कडे’ लावू नका, ‘-त’ लावा. ‘सेक्रेटरीकडे’ म्हणताच तो माणूस होतो. ‘सेक्रेटरीत’ म्हणजे कप्पाच.

जाता जाता एक. इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनने १८७४ मध्ये एका अवाढव्य मेजाचं पेटंट घेतलं. दोन पाखं दारांसारखी उघडायची, आत शंभरावर कप्पे. नाव ‘कॅबिनेट ऑफिस सेक्रेटरी’. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे होतं, तेलसम्राट रॉकफेलरकडे होतं. पण तोवर टाइपरायटर आला, मागोमाग उभ्या फायली आल्या, घडी घालून कप्प्यात सारायची पत्रं संपली. वूटनचं मेज मागे पडलं आणि त्याचं काम टाइपरायटरपुढे बसलेल्या बाईंकडे गेलं. त्यांना काय म्हणू लागले ते तुमच्या संपादकांना ठाऊक आहेच.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘आजीने सेक्रेटरी उघडलं, पत्रं डावीकडच्या कप्प्यात सारली, झाकण लावलं आणि किल्ली फिरवली.’